बँड चांगला वाजतो पण मंडळी गात नाही, मग नवीन गाणी बंद करायची का?

जय ख्रिस्त. तू विचारलंस ते थोडक्यात असं, की वडगाव शेरीच्या तुमच्या मराठी चर्चमध्ये चार वर्षं झाली तरुण संघाचा बँड आहे, कीबोर्ड तू वाजवतेस, दोन गिटार, बेस, ड्रम सगळं आहे, हिलसाँग, बेथेल, एलिव्हेशन या परदेशी चर्चची इंग्लिश गाणी तुम्ही मराठीत करून घेता, पोरं जीव ओतून वाजवतात, पण मंडळी गात नाही, नुसती उभी असते, मागच्या बाकांवर तर फोन निघतात. आणि आता वडीलधाऱ्यांनी मीटिंगमध्ये सांगितलंय की हे सगळं बंद करा, उपासना संगीत या आपल्या जुन्या मराठी गीतपुस्तकातलीच गाणी घ्या. तर नवीन गाणी बंद करायची का लोकांना हळूहळू सवय लावायची, असा तुझा प्रश्न.

माझं उत्तर, दोन्ही नको. गाणी बंद करू नकोस आणि लोकांना सवय पण लावू नकोस, कारण चार वर्षांत लागली नाही ती पाचव्या वर्षी पण लागणार नाही. लोक गात नाहीत त्याचं कारण बहुतेक वेळा श्रद्धा कमी असणं वगैरे नसतं, कारण एकदम साधं असतं, गाणं त्यांच्या गळ्यात बसत नाही. ते बसवायचं काम बँडचं आहे आणि ते होऊ शकतं.

मी मूळचा नगरचा, पेटी वडिलांकडून शिकलो, पुण्यात आलो तेव्हापासून खडकीच्या बाजूला सकाळची मराठी उपासना आणि संध्याकाळी कॅम्पात इंग्लिश सर्व्हिस असं वाजवतोय, पंचवीस वर्षं तरी झाली असतील. त्यामुळे दोन्हीकडचं बघितलंय, आणि तू करतेस ती चूक मी स्वतः सहा-सात वर्षं इमानदारीत केलेली आहे. हिलसाँग युनायटेडचं ओशन्स आलं २०१३ मध्ये, झायन नावाच्या अल्बमवर, जवळजवळ नऊ मिनिटांचं गाणं. ऐकलं आणि वेडाच झालो. एका रात्रीत मराठी केलं, तीन शनिवार प्रॅक्टिस केली, ईस्टरला घेतलं. कीबोर्डच्या पॅडचा लांब धरलेला आवाज काय, गिटारचा डिले काय, सगळं रेकॉर्डिंगसारखं हुबेहूब. संपल्यावर एक आजी जिना उतरताना मला म्हणाल्या, "कार्यक्रम छान झाला हो तुमचा."

कार्यक्रम. त्यांच्या मनात काहीच वाईट नव्हतं, मनापासून कौतुक करत होत्या, पण मला घरी जाऊन जेवण गेलं नाही.

आता मला जे कळलं ते सांगतो, आणि बाकी सगळं यातूनच निघतं. आपल्याकडे गाण्यात साथ नावाची गोष्ट आहे ना. गवई गातो, पेटीवाला आणि तबलजी साथ करतात. चांगला साथीदार कोण, तर गवयाचा गळा आज कसा आहे ते बघून वाजवणारा, त्याला जागा सोडणारा, तो दमला तर सूर धरून ठेवणारा. आता चर्चमध्ये गवई कोण? तू नाहीस, तुमची लीड गाणारी मुलगी पण नाही. गवई मंडळी आहे, ती दीडशे माणसं, त्यातले निम्मे बेसूर, चार जण कायम अर्धी मात्रा मागे, एक काका सगळ्यांच्या वर आवाज काढणारे, हा तुमचा गवई. आणि तुम्ही सगळे साथीला बसलेले. हे एकदा डोक्यात बसलं की प्रश्न बदलतो, मग गाणं रेकॉर्डिंगसारखं वाजलं का हे विचारायचंच नसतं, आपल्या गवयाला हे गाता येईल का एवढंच बघायचं असतं.

पहिली गोष्ट पट्टी, म्हणजे गाणं किती उंच सुरात धरायचं ते. इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो आणि सगळ्यात पटकन सुधारतो. ही जी मोठी नावं आहेत, क्रिस टॉमलिन वगैरे, हे उंच टेनर आवाजाचे लोक आहेत, आणि रेकॉर्डिंग त्यांच्या गळ्याला शोभेल अशा पट्टीत असतं, ते बरोबरच आहे, त्यांचा अल्बम आहे. पण तू तीच पट्टी उचलतेस. साध्या माणसाचा गळा सकाळी आरामात चालतो तो पेटीवरच्या खालच्या काळी पाचपासून वरच्या पांढरी दोनपर्यंत, फार ताणलं तर काळी दोन. पुरुष आणि बायका एक सप्तक सोडून गातात पण मर्यादा साधारण हीच. त्याच्या वर कोरस गेला, पांढरी चार, पांढरी पाचला जाऊन तिथेच राहिला, की पुरुष गप्प होतात आणि बायका एकदम खालच्या सप्तकात उतरून पुटपुटतात. तू कीबोर्डवरून नीट बघ, कोणत्या ओळीला तोंडं मिटतात. ती ओळ बघ, त्यातला सगळ्यात वरचा सूर बघ, आणि तो पांढरी दोनला येईल एवढं गाणं खाली घे. ट्रान्सपोजचं बटण कशाला आहे. गिटारवाला कुरकुर करेल की त्या पट्टीत कॉर्ड नीट बसत नाहीत, त्याला कॅपो दे, गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा.

एक अडचण येते. आजकालच्या बऱ्याच गाण्यांत अशी रचना असते की पहिलं कडवं एकदम खाली, जवळजवळ बोलल्यासारखं, आणि मग शेवटी तेच एक सप्तक वर, ड्रम पेटलेले, लाइट लागलेले. ऐकायला अंगावर काटा येतो. पण हे गाणं खाली घेतलं की कडवं बुडतं आणि वर ठेवलं की शेवट हातातून जातो. त्यावर उपाय म्हणजे ती सप्तकाची उडी घ्यायचीच नाही, पहिल्यापासून मधल्या जागी गायचं. थोडा रोमांच कमी होतो. होऊ दे. आणि सकाळी साडेसातची उपासना असेल तर अजून एक पट्टी खाली, डिसेंबरात पुण्याच्या थंडीत दोन.

दुसरं म्हणजे शब्द, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण आपल्याकडे यावर कोणी बोलतच नाही. इंग्लिश गाण्याचं मराठी करताना आपण अर्थ बरोबर आणतो आणि अक्षरं मोजून बसवतो, आणि वाटतं झालं. पण मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. इंग्लिशमध्ये ओळीच्या शेवटी, जिथे सूर लांब धरायचा असतो, तिथे वजनदार शब्द येतो, नाम येतं, देवाचं नाव येतं. मराठीत तिथे काय येतं, "आहे". सगळ्यात मोठा, चार मात्रांचा, सगळ्यांनी हात वर करून धरलेला सूर, आणि त्यावर शब्द कोणता तर "हेऽऽऽ". "माझा आत्मा तुझ्यामध्ये विसावा शोधत आहे", अक्षरं बसली, व्याकरण बसलं, आणि गाणं मेलं. त्यात अजून एक, जागा कमी पडली की लोक "आहेस" मधला स खातात आणि "तू महान आहे" असं गातात, दर रविवारी, प्रोजेक्टरवर लिहून. शाळेत मार्क कापले असते.

मग करायचं काय? आपल्या भाषेत हाक मारायची सोय किती सुंदर आहे बघ. दयाळा, मायबापा, तारणाऱ्या, मेंढपाळा. शेवट उघड्या आ वर होतो, तोंड मोकळं उघडतं, सूर हवा तेवढा लांबवा. म्हणून मी आता ओळ फिरवतो, क्रियापद आधी आणतो किंवा गाळून टाकतो आणि शेवटी हाक ठेवतो. वरचाच भाव मी पुढे असा केला होता:

थकलेला जीव, तुझ्या पायी आला,
हात दे मजला, मायबापा.

फार थोर कविता नाहीये, पण मोजून बघ, सहा, सहा, सहा, चार. हा अभंगाचा साचा आहे. हा आपल्या लोकांच्या रक्तात आहे, देहू-आळंदी इथून तासाभरावर, वारी दर वर्षी याच शहरातून जाते, ख्रिस्ती घरात जन्मलं म्हणून कान काही वेगळे होत नाहीत. पहिल्यांदा ऐकताना पण लोकांना कळतं की ओळ कुठे संपणार. तिसऱ्या चरणाला तर ते आधीच तयार असतात.

ऱ्हस्व-दीर्घाचं पण बघत जा. लांब सूर "तुझी" मधल्या तु वर आला की तो "तूऽऽझी" होतो आणि ऐकणाऱ्याला काहीतरी टोचतं, काय ते सांगता येत नाही. लांब सुराला दीर्घ अक्षर, पळत्या सुराला ऱ्हस्व, एवढं सांभाळलं तरी अर्धं काम झालं.

आणि शब्दाला शब्द तर अजिबात नको. इंग्लिशमध्ये देवासाठी "डेस्परेट" असणं भक्तीत चालतं, आमच्या एका भावाने त्याचं "मी तुझ्यासाठी हताश आहे" केलं होतं, आणि आम्ही ते दोन महिने गायलो! हताश म्हणजे आशा सोडलेला, चर्चमध्ये उभं राहून आम्ही गाऊन सांगत होतो की आता काही आशा नाही. कोरी अॅस्बरीचं २०१७ चं रेकलेस लव्ह घे, त्या रेकलेस शब्दावरून तिकडे इंग्लिशवाल्यांमध्येच वाद झाले, की देवाच्या प्रेमाला असं म्हणावं का. मराठीत त्याचं बेफिकीर किंवा बेपर्वा प्रेम केलं तर अर्थच उलटा होतो, ज्याला पर्वा नाही तो. आपल्याकडे त्या भावनेला "वेडी माया" म्हणता येतं, आई लेकरावर करते तशी. पण ते सुचायला डिक्शनरी बंद करावी लागते आणि आपली आजी काय म्हणाली असती ते आठवावं लागतं.

याच्या उलट काही गाणी मराठीत आपोआप येतात. मॅट रेडमन आणि योनास मीरिन यांचं टेन थाउजंड रीझन्स, २०११ चं, त्याची सुरुवातच १०३ व्या स्तोत्रावरून आहे, आणि ते स्तोत्र आपल्या मंडळीला पवित्र शास्त्रातून पाठ आहे, "हे माझ्या जिवा". मग नवीन शब्द कशाला शोधायचे, शास्त्रातलेच घ्यायचे, लोक पहिल्याच रविवारी गातात, मी हे स्वतः बघितलंय. तसंच सिनाचचं वे मेकर. ती नायजेरियाची, गाणं २०१५ चं, आणि तिथून जगभर किती भाषांत गेलं त्याला हिशोब नाही. का गेलं? कारण कोरसमध्ये वाक्य जवळजवळ नाहीच, देवाची चार नावं आहेत एकापाठोपाठ एक. क्रियापदाची फारशी भानगड नाही. नामस्मरण आहे ते, आपल्या लोकांना शिकवायची गरजच नाही.

मला कधीकधी गंमत वाटते की आपण हे सगळं सिडनी, कॅलिफोर्नियाकडून शिकायला जातो. ही सगळी लाट मुळात तिकडची घरगुती गोष्ट होती, १९७० च्या आसपास कॅलिफोर्नियात हिप्पी पोरं चर्चमध्ये यायला लागली, गिटार घेऊन आली, त्यांना ऑर्गनवरची जुनी गीतं परकी वाटली म्हणून त्यांनी आपल्या भाषेत, आपल्या चालीवर गाणी केली, त्यातूनच १९७१ मध्ये मारानाथा म्युझिक निघालं. म्हणजे त्यांनी काय केलं तर आपल्या रस्त्यावरचं संगीत चर्चमध्ये आणलं. आपण काय करतो, तर त्यांच्या रस्त्यावरचं संगीत आपल्या चर्चमध्ये आणतो. आणि आता तर तो रस्ता पण फार रुंद राहिलेला नाही. २०१० ते २०२० या काळात अमेरिकेतल्या चर्चमध्ये सर्वात जास्त गायल्या गेलेल्या ३८ गाण्यांचा काही अभ्यासकांनी शोध घेतला, तर त्यातली ३६ फक्त चार ठिकाणांशी जोडलेली निघाली, बेथेल, हिलसाँग, एलिव्हेशन आणि पॅशन. जगभरच्या मंडळ्यांनी काय गावं हे चार पत्ते ठरवतायत. गाणी वाईट आहेत असं मी म्हणत नाही, त्यातली कितीतरी मी दर आठवड्याला वाजवतो आणि आवडीने वाजवतो. पण एवढ्यावरच जगायचं म्हणजे रोज एकाच हॉटेलचं जेवण.

आपल्याकडे स्वयंपाकघर नाही का? नारायण वामन टिळक. लोकमान्य नव्हेत, रेव्हरंड. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी माणूस, बालकवी ज्यांच्या घरी राहिले ते हेच, लक्ष्मीबाईंचे पती. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगायचे हे प्रसिद्धच आहे. उपासना संगीतात त्यांची शंभराच्या वर गीतं आहेत. त्यांनी त्या काळात नेमकं तेच केलं जे पुढे कॅलिफोर्नियाच्या पोरांनी केलं, म्हणजे तेव्हा मिशनऱ्यांच्या इंग्लिश चालीवर कसंबसं बसवलेलं मराठी गायलं जायचं, यांनी अभंग, ओवी, भजन आणलं. आमच्या नगरला तर त्याच्याही आधीपासून ख्रिस्ती कीर्तन होतं, पेटी, तबला, झांजा, बुवा उभे, अख्खी कथा गाण्यात. आणि अजून मागे जायचं तर फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, १६१६, गोव्यात छापलेलं, लिहिणारा इंग्रज आणि छंद ओवी. म्हणजे ज्याची मातृभाषा इंग्लिश तो चारशे वर्षांपूर्वी ओवीत लिहितो, आणि आपण मराठी असून आहे-आहे करतो.

म्हणून वडीलधारे उपासना संगीत म्हणतात तेव्हा त्यांना जुनाट म्हणून उडवून लावू नकोस. त्यांचं एक चुकतं, ते ती गीतं ज्या लयीत गातात ती लय ऐकून मला पण झोप येते. पण दोष गीताचा नाही. टिळकांचं एखादं गीत घे, चालीला हात लावू नकोस, ती लोकांना येते तेच तुझं भांडवल. लय थोडी उचल, ड्रमवाल्याला सांग की रॉकचा बीट नको, आठ मात्रांचा भजनी ठेका काहोनवर, म्हणजे बसून हाताने वाजवायच्या लाकडी खोक्यावर वाजव, समेवर, पहिल्या मात्रेवर, बोट ठेव. आपले लोक टाळी समेवर देतात, तुमचा ड्रमर दोन आणि चारवर स्नेअर मारतो, मग अर्धी मंडळी इकडे अर्धी तिकडे आणि शेवटी टाळीच बंद. सहा मात्रांची चाल असेल तर दादरा, तुमच्या सिक्स-एटला जवळचाच आहे. बेसने सा आणि प धरून ठेवायचं, आणि तुझं पॅड तानपुऱ्यासारखं खाली. कॉर्ड दर मात्रेला बदलू नकोस, चाल भैरवीत किंवा पिलूत असेल तर तुझे ते ठरलेले चार कॉर्ड तिच्या अंगावर उसने कपडे घातल्यासारखे दिसतात. दोन कॉर्डमध्ये पण भागतं. कधीकधी एकात.

एक गंमत सांगतो, अमेझिंग ग्रेस ज्या चालीवर जग गातं ती चाल पाच सुरांची आहे, सा रे ग प ध, म्हणजे आपल्या भूपचेच सूर. शब्द जॉन न्यूटनचे अठराव्या शतकातले, चाल त्याला १८३५ मध्ये जोडली गेली. आमच्या खडकीच्या आज्यांना ते मराठीत पहिल्या दिवशी आलं, आणि मी तेव्हा फुशारकी मारत होतो की मी छान शिकवलं म्हणून, नंतर कळलं भूपामुळे आलं.

आता बँडचं. तुमचा आवाज जास्त आहे, मी न येता सांगतो. पुण्यातली जुनी चर्च दगडी, छत उंच, आवाज घुमतो, आणि नवीन मंडळ्या भरतात त्या शाळेच्या हॉलमध्ये नाहीतर पत्र्याच्या शेडमध्ये, तिथे तर विचारूच नको. माणूस गातो कधी, तर शेजारचा गाताना ऐकू येतो तेव्हा. स्वतःचा आवाज पण ऐकू यायला लागतो, नाहीतर तो गप्प बसतो, आणि स्वतःचाच आवाज फार ऐकू आला तरी लाजून गप्प बसतो. याच्या मधे कुठेतरी मिक्सरवरचा आवाजाचा फेडर ठेवायचा. त्यासाठी तपकीर गल्लीतून अजून एक महागडा मिक्सर आणायची गरज नाही, ड्रम काढून काहोन ठेव, गिटार अँप भिंतीकडे फिरव, आणि मिक्सरवर जो मुलगा बसतो त्याला सांग की गाणं चालू असताना एकदा हॉलच्या मधोमध जाऊन उभा राहा. आणि प्रत्येक रविवारी एका गाण्याचं शेवटचं ध्रुपद वाद्यं पूर्ण बंद करून घ्या. पहिल्यांदा भयंकर वाटेल, एकदम शांतता, चार आवाज. तिसऱ्या रविवारी चाळीस होतील.

हे काही माझं डोकं नाही. मॅट रेडमन, ज्याचं नाव वर आलं, इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या चर्चमध्ये गाणी घ्यायचा, तिथल्या पास्टरने एकदा काय केलं तर साउंड सिस्टिम आणि बँड काही काळ काढूनच टाकला, म्हणाला आपण नुसते ऐकणारे झालोय, आता येताना प्रत्येकाने काहीतरी घेऊन या. सुरुवातीला नुसतं अवघडलेपण, मग लोक बिनवाद्याचे गायला लागले. त्याच दिवसांत रेडमनने द हार्ट ऑफ वर्शिप लिहिलं. आणि विनोद असा की तेच गाणं आज आपण पाच वाद्यं, क्लिक ट्रॅक आणि इन-इअर लावून वाजवतो.

प्रोजेक्टरचं एक छोटंसं. शब्द युनिकोडमध्येच टाइप कर. कोणीतरी घरी जुन्या फाँटमध्ये करून आणतो आणि चर्चच्या लॅपटॉपवर प्रभूच्या जागी नुसते चौकोन आणि कंस दिसतात, आमचं एका नाताळला पूर्ण गाणं असं गेलं. आणि पुढची स्लाइड ओळ संपायच्या आधी बदलायची, संपल्यावर नाही. नवीन गाणं महिन्यातून एकच, आणि ते लागोपाठ तीन रविवार. तुमच्या यादीत दर रविवारी दोन नवीन दिसतात, गाणाऱ्याला पाठ कधी होणार?

कॉपीराइटचं तू विचारलंस. उपासनेत गाणं गाणं-वाजवणं आपल्या १९५७ च्या कायद्यात भंग धरत नाहीत, कलम ५२ मध्ये धार्मिक विधीसाठी सूट आहे. पण भाषांतर करून छापणं, रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणं ही वेगळी गोष्ट, त्याला ज्याचे हक्क आहेत त्याची परवानगी लागते. तिकडे १९८८ पासून सीसीएलआय नावाची व्यवस्था आहे, चर्च वर्षाला पैसे भरतं, काय गायलं ते कळवतं, आणि लिहिणाऱ्यापर्यंत पैसे पोचतात. टिळकांचे शब्द मात्र मोकळे आहेत, ते १९१९ मध्ये गेले, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. ते रेकॉर्ड करा, बिनधास्त.

आणि तुमच्या ड्रमरबद्दल जे लिहिलंस, की तो शनिवारी रात्री लग्नात नाहीतर हॉटेलात वाजवतो आणि रविवारी उशिरा येतो म्हणून काही जण त्याला काढा म्हणतायत. काढू नका गं. त्याचं पोट त्यावर आहे. आपल्या मंडळ्यांना वाजवणारा फुकट हवा असतो, वेळेवर हवा असतो, आणि वागायला देवदूत हवा असतो. मी एका ठिकाणी अकरा वर्षं वाजवलं, शेवटी आजारी पडून दोन महिने गेलो नाही तर एकाने फोन करून विचारलं, कीबोर्डचा अॅडाप्टर तुमच्याकडे राहिलाय का. राग नाही आता, पण लक्षात आहे. त्या पोराला पेट्रोलचे पैसे द्या, प्रॅक्टिस शनिवारऐवजी गुरुवारी घ्या, आणि महिन्यातून एक रविवार सुट्टी द्या, त्या दिवशी नुसती पेटी आणि टाळ. तो दिवस तुम्हाला पण बरा पडेल, आज्या खूश आणि आवाज पण आपोआप खाली.

येत्या चार रविवारांसाठी असं कर. सुरुवात टिळकांच्या एका माहितीच्या गीताने, भजनी ठेक्यात, लय उचललेली. मग तुमच्या नवीन गाण्यांतलं एकच, तीन पट्ट्या खाली, चारही रविवार तेच. मग वे मेकर किंवा १०३ व्या स्तोत्रावरचं, लोकांना येणारं. अर्पणाच्या वेळी बिनशब्दांचं, नुसती पेटी. ओशन्स सध्या कपाटात ठेव, मलाही आवडतं, पण ठेव. वडीलधाऱ्यांच्या मीटिंगला जाशील तेव्हा वाद घालू नकोस, त्यांच्यातल्या कोणा जुन्या भजनी माणसाला प्रॅक्टिसला बोलाव आणि ठेका दाखवायला सांग, नगर नाहीतर सोलापूरकडचं कोणीतरी निघतंच.

आणि तुम्ही मराठी केलेली ती आठ गाणी मला पाठव, शब्द टाइप करून आणि चाल फोनवर साधी गाऊन, बँडशिवाय. मी आहे-आहे कुठे कुठे आलंय ते खुणा करून देतो आणि पट्ट्या लिहून देतो. बुधवारपर्यंत पाठवलंस तर बरं, नंतर माझ्या नाताळच्या प्रॅक्टिस चालू होतात.